साबणाच्या कडा

भाद्रपद सरला की निपाणीची हवा हलकी होते. चार महिने ओल धरून बसलेल्या भिंती कोरड्या पडतात, दारं चौकटीत अडकेनाशी होतात, आणि कपाटातली पुस्तकं पुन्हा पुस्तकांसारखी उघडू लागतात. इथल्याच एका कॉलेजात मी पस्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. त्यामुळे ऋतू बदलल्याचं मला आभाळापेक्षा कागदावरून आधी कळतं. पावसाळ्यात पान उलटलं तर आवाज होत नाही. अश्विनात होतो.

माझ्या बायकोला, गिरिजाला, तेच साबणावरून कळायचं. घरी केलेल्या साबणाला पावसाळ्यात घाम सुटतो. वडीच्या अंगावर मोहरीएवढे थेंब उभे राहतात आणि पुसले तरी तासाभरात परत येतात. नवरात्राच्या सुमारास ती रोज सकाळी मागच्या खोलीत जाऊन एका वडीवरून बोट फिरवायची. बोट कोरडं निघालं की तिथूनच सांगायची, "सुटली बघा हवा. आता हात लावायला हरकत न्हाय." मग दिवाळीपर्यंत आमच्या घरी साबण घासायचे दिवस.

यंदाही हवा सुटली. खंडेनवमीच्या सकाळी माझ्या हातातलं पान वाजलं. मी पुस्तक मिटलं आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. गौरी-गणपती गेले त्याच्या आठव्या दिवशी गिरिजा गेली. तेव्हापासून ते दार मी उघडलं नव्हतं.

खोलीत उत्तरेच्या खिडकीला लागून लाकडी फळ्यांची मांडणी आहे. वारा लागावा पण ऊन लागू नये, म्हणून तिनं ती जागा निवडली होती. फळ्यांवर तिचा शेवटचा घाणा होता. साबणाच्या एका वेळच्या ओतणीला ती चकलीसारखा घाणाच म्हणायची. बेचाळीस वड्या, मध्ये बोटभर अंतर सोडून मांडलेल्या. सगळ्यांवर पांढरी भुकटी धरली होती. साबण वाळताना वरच्या अंगाला सोड्याची अशी राख धरतेच, त्यात बिघडलेलं काही नसतं. भुकटीखाली, वडीच्या दोन्ही बाजूंना, कापताना उमटलेल्या तारेच्या रेघा दिसत होत्या. तार ओढताना हात जिथे थांबतो तिथे रेघ किंचित वाकते. यंदा तिचा हात बऱ्याच ठिकाणी थांबला होता.

साबण साफसूफ करायचा म्हणजे ही राख पुसायची आणि या रेघा काढायच्या. दिवाळीआधी हे सगळे साबण गल्लीत आणि तिच्या माहेरी वडगावला जायचे. दर वर्षी जात. मी दारात उभा राहून ठरवलं की यंदा जायचे नाहीत.

हा घाणा तिनं नागपंचमीनंतरच्या आठवड्यात ओतला होता. उन्हाळ्यापासून तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी उभ्यानं करायचं काम बंद करायला सांगितलं होतं, म्हणून ती स्टुलावर बसली आणि तेलं मी मापून दिली. दुसऱ्या दिवशी कापताना मात्र तिनं मला हात लावू दिला नाही. मी दारात पुस्तक घेऊन बसलो. मधेच ती म्हणाली, "अवो, हळदीचा डबा द्या जरा." तारेनं बोट कापलं असेल असं वाटून मी घाईनं डबा नेऊन दिला आणि कुठं लागलं म्हणून विचारलं. "लागलं न्हाय काय. बारकं काम हाय. तुम्ही वाचा." मी वाचत बसलो. कुठलं पुस्तक होतं ते आता आठवत नाही.

साबणाचा नाद तिला लागला तो माझ्या आईमुळे. आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी तिची कातडी झाली होती. एकदा अंग पुसताना नव्या साबणाच्या कडेनं तिच्या दंडावर लाल ओरखडा उठला. गिरिजानं तो साबण स्वयंपाकघरात नेला, बटाटे सोलायच्या सोलण्यानं त्याच्या सगळ्या कडा काढल्या, ओल्या फडक्यानं गुळगुळीत केल्या, आपल्या गालावरून फिरवून पाहिला आणि मग परत आली. त्यानंतर आमच्या घरात नवा साबण कागदातून निघाला की आधी स्वयंपाकघरात जायचा. आई गेल्यावर गिरिजा बेळगावला एका महिला शिबिरात साबण करायला शिकली. मला वाटे, तिला साबण करायचाच नव्हता. तिला त्याची धार मोडायची होती, आणि ते काम मिळत राहावं म्हणून ती साबण करत होती.

पण त्याच्याही मागे काही होतं. तिचं माहेर हातमागाचं. वडगावच्या त्या घरात पुढच्या सोप्यात दोन माग, आणि माणसांनी उरलेल्या जागेत राहायचं. साडी मागावरून उतरली की तिचे वडील ती उलटी पसरून घेत आणि छोटी कात्री घेऊन पाठीमागचे दोरे, गाठी काढत बसत. साडी उलट्या बाजूनं कोण बघतंय, असं मी लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा विचारलं होतं. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "अंगाला तीच बाजू लागती न्हवं, पावनं." गिरिजा शेजारीच बसून दोरे वेचत होती. तिनं मान वर केली नाही, पण ती हसल्याचं मला कळलं.

मी निवृत्त झालो त्या वर्षीचा अश्विन माझ्या मनात इतर वर्षांपेक्षा वेगळा ठेवलेला आहे. रोज सकाळी दहाला कुठं जायचं नव्हतं. पहिले दोन महिने मी घरातली पुस्तकं विषयवार लावली, मग लेखकवार लावली, मग परत विषयवार. नवरात्रात गिरिजानं चटई टाकली, समोर पाट ठेवला आणि म्हणाली, "बसा. पुस्तकं कुटं पळून जात न्हाईत."

पाटावर सुताराचा छोटा रंधा उलटा ठेवलेला असे, पातं वर करून. त्याच्यावरून वडी ओढायची. लाकडावर रंधा फिरवतात, इथं वडीच रंध्यावर फिरते. वडीच्या अंगाचा पातळ पापुद्रा सुटतो आणि केळफुलाच्या पानासारखा गुंडाळून खाली पडतो. दाब जास्त झाला तर वडीला खाच पडते, कमी झाला तर रेघ राहते. सहा बाजू झाल्या की सोलणं घ्यायचं आणि बारा कडांवरून एकेकदाच न्यायचं. मग पिळून घेतलेलं सुती फडकं, आणि ते सुकल्यावर रेशमाची चिंधी. ही चिंधी वडगावची. तिचा धाकटा भाऊ बसू अजून हातमाग चालवतो. तो दर दसऱ्याला साड्यांच्या रेशमी तुकड्यांचं बोचकं घेऊन येई. त्यात जरीचा दोरा राहिलेला असला तर वडीवर ओरखडे पडतात, म्हणून आधी प्रत्येक तुकडा तपासायचा. रेशमानं आठ-दहा हात मारले की साबणाला आतून आल्यासारखी चमक येते. शेवटी नुसता तळहात.

हे काम सकाळी चालायचं. बाहेर गल्लीत सोयाबीनच्या मळणीची धूळ घेऊन ट्रॅक्टर जात. समोरच्या दारात हौसाक्का सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत असे. रेडिओवर आधी कानडी बातम्या, मग कुणीतरी मराठीत पिकांवर फवारणी कशी करावी ते सांगे. खोबरेलाचा वास, आणि त्याच्याखाली सोड्याचा किंचित बोचरा वास. आम्ही फारसं बोलत नसू. लग्नानंतर इतका वेळ समोरासमोर आम्ही पहिल्यांदाच बसत होतो.

पहिले चार दिवस माझं काम तिला पसंत पडलं नाही. मला कोपरे काटकोनात लागत. ग्रंथालयात बांधणीवाल्याकडून पुस्तकं आली की मी आधी त्यांच्या कापलेल्या कडा बघायचो. तिन्ही बाजू सरळ, कोपरा असा की बोटाला जाणवला पाहिजे. साबणही मी तसेच केले. बाराच्या सुमारास तिच्यापुढे ओळीनं मांडले, आणि खरं सांगायचं तर माझी मान थोडी ताठ होती. तिनं एक उचलला, अंगठा कडेवरून नेला.

"ह्ये काय?"

मी म्हणालो, नीटनेटका दिसतोय की. पुस्तकासारखा.

"पुस्तक कोण अंगाला लावून घेतंय व्हय?"

तिनं सगळे परत माझ्याकडे सरकवले. मग मी कडा मोडायला शिकलो. पण माझा दुसरा दोष जाईना. मला थांबायचं कुठं ते कळत नसे. चमक आली तरी आणखी थोडी येईल असं वाटून मी घासत राही, आणि रेशमाखाली वडी पोटाशी बारीक होई. तिकडे स्वयंपाकघरात तिला ते कसं कळायचं कोण जाणे. फडक्याच्या आवाजावरून असेल. ती आतूनच म्हणायची, "साकु." वडगावच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली. साकु म्हणजे पुरे. वाढताना, लेकराला रागावताना, पावसाला, सगळ्याला ती हाच शब्द वापरायची. मी थांबायचो.

त्याच अश्विनातली खंडेनवमी. वडगावात नवमीला माग पुजतात, इथं बाजारात तराजू पुजतात, स्टँडवरच्या गाड्यांना झेंडूच्या माळा पडतात. मी दर वर्षी ग्रंथालयात कपाटांना आणि तारखेच्या शिक्क्याला हळद-कुंकू लावायचो. त्या वर्षी शिक्का दुसऱ्या कुणाच्या हातात गेला होता. गिरिजा मागाच्या पूजेला सकाळच्या गाडीनं वडगावला गेली होती, दुपारी परतणार होती. मी अंघोळ केली, दिवा लावला, रंधा, सोलणं आणि तार पाटावर मांडून त्यांना गंध-फूल वाहिलं. मग मांडणीकडे पाहिलं. हत्यारं पुजली आणि ज्याच्यासाठी ती आहेत ते राहिलं, हे बरं दिसेना. मी हळद कालवली आणि अनामिकेनं एकेका वडीला ठिपका लावत गेलो. त्या घाण्यातही बेचाळीसच वड्या होत्या, कारण साचा तोच.

दुसरी फळी संपेपर्यंत पहिल्या फळीवरचे ठिपके लाल झाले होते. मला वाटलं, कुंकवाचं बोट लागलं असेल. बोट पाहिलं तर पिवळं. मग माझ्या डोळ्यांदेखत तिसऱ्या फळीवरचेही तांबूस होऊ लागले. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मी उभ्या जन्मात हळदीचा डाग धुतला नव्हता. घाबरून ओलं फडकं घेतलं आणि पुसायला गेलो, तर ठिपक्यांचे फराटे झाले.

दुपारी ती आली. मी काही न सांगता तिला मागच्या खोलीत नेलं. पिशवी हातात तशीच, ती बराच वेळ बघत राहिली. मी वाईटाची तयारी करून उभा होतो. ती हळूहळू खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसू लागली.

"काय केलासा हे? सगळ्यांस्नी हळद लावून ठेवलासा? अवो, एवढ्या नवऱ्या नांदवायच्या कुटं?"

पुढे चार दिवस आम्ही ते डाग काढत होतो. हळद आत मुरली होती, त्यामुळे एकेक वडी दोन-तीनदा रंध्यावर न्यावी लागली. खऱ्या अर्थानं मी ते काम तेव्हा शिकलो, आणि मधूनमधून तिला हसू फुटे ते शेवटच्या दिवसापर्यंत. अखेरची एक वडी मी उचलली तेव्हा तिनं माझ्या हातातून काढून घेतली. हा राहू दे, म्हणाली, हा घरचा. मी त्याच्या कडा तरी मोडतो म्हणालो.

"घरच्याला कशाला? आपल्याच अंगानं मोडती ती."

त्या वर्षी दिवाळीला आम्ही लाल डागाच्या साबणानं अंघोळ केली. चार दिवस खांद्याला कड टोचली, मग टोचेनाशी झाली. साबण आडवा ठेवला म्हणून मी बोलणीही खाल्ली. पाण्यात पडला तर विरघळून जातो, उभा ठेवावा, निथळतो, जास्त दिवस पुरतो. मी उभा ठेवू लागलो. नंतरच्या प्रत्येक नवमीला गिरिजा खालच्या फळीवरच्या शेवटच्या वडीच्या पोटाला हळदीचा एक ठिपका लावायची. तो घरचा. बाकीचे लोकांचे. मला चिडवायचं म्हणून सुरू झालेली गोष्ट होती, पुढे त्यात चिडवणं राहिलं नाही.

असे आणखी तीन अश्विन आम्हाला मिळाले.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बसू आला. दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात बोचकं होतं. सवयीनं बांधून आणलं असावं, आणि इथं आल्यावर ते कुणाला द्यायचं हे सुचेना. मी ते त्याच्या हातातून घेतलं. चहा झाल्यावर तो मागच्या खोलीत गेला आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला. डोळे पुसून आला होता.

"दाजी, ह्येला हात लावायचा न्हाय. आक्काच्या हातचं शेवटलं हाय. काचंच्या कपाटात ठेवूया. आनि वर्साच्या आत दुःखाच्या घरातनं कुणाला सणाचं काय द्यायचं नसतंय."

मी बरं म्हणालो. मला तेच हवं होतं. रंध्याचा एक फटका पुरे होता, तिच्या हाताची रेघ जमिनीवर पापुद्रा होऊन पडली असती. राखेसकट, रेघांसकट ते तसेच राहावेत. पुस्तकाच्या बाबतीत मी हेच केलं असतं. जीर्ण प्रतीला आपण कापून सारखं करत नाही.

त्यानंतर आठवडाभरानं समोरची हौसाक्का आली. ती आमच्याकडे आत येऊन बसत नाही, उंबऱ्याशीच बसते. इकडचं तिकडचं विचारून झालं. जेवण काय करता, मुलगी बेंगळुरूहून कधी येणार. मग पदराच्या टोकाशी चाळा करत तिनं विचारलं.

"सर, आक्काचा साबण न्हाय का औंदा?"

मी तिला बसूनं सांगितलं तेच सांगितलं. घरात दुःख आहे, वर्ष झालेलं नाही, सणाचं द्यायचं नसतं. तिनं मान डोलावली. रिवाज तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. थोडा वेळ ती आपल्या हातांकडे बघत राहिली. चाळीस वर्षं विड्या वळलेले हात, बोटांची टोकं तपकिरी, भेगा काळ्या पडलेल्या.

"मग दिवाळीला नको," ती म्हणाली. "हाताला द्या. दुकानातल्या साबनानं तंबाकूचा वास जात न्हाय, आनि नात माझ्या हातचा घास घेत न्हाय. आक्काच्या साबनानं जातोय. शेवटला तुकडा गेल्या म्हैन्यात सपला."

ती गेल्यावर मी मागच्या खोलीत आलो. एक द्यायचा. एक गेल्यानं काय होतंय, एकेचाळीस राहतील. पण कुठला द्यायचा ते ठरेना. ज्यावर तिच्या हाताची खूण कमीत कमी असेल तो द्यावा, म्हणून मी एकेक वडी उचलून, उजेडात धरून, सगळ्या बाजूंनी बघू लागलो. वरची फळी झाली, मधली झाली. एकीवर तार दोनदा थांबलेली, एकीचा कोपरा चिरलेला. प्रत्येकीत काहीतरी होतं. खालच्या फळीवरची शेवटची वडी उचलली आणि उलटी केली.

पोटाला लाल ठिपका होता. अनामिकेएवढा. वाळून तपकिरी झालेला, पण मध्ये अजून लाल.

मी खिडकीखाली जमिनीवर बसलो. यंदा नवमीला मी या खोलीत हळद आणली नव्हती. ती आणली होती श्रावणात, तिनं मागितली म्हणून, आणि देऊन दारात जाऊन वाचत बसलो होतो. अश्विनातलं काम तिनं श्रावणातच करून ठेवलं होतं. आपण नवमीपर्यंत असणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि ते सांगण्याऐवजी तिनं मला म्हटलं होतं, तुम्ही वाचा.

किती वेळ बसलो ते माहीत नाही. खिडकीतला उजेड हळूहळू मंद होत गेला. हातातल्या वडीकडे परत परत बघत होतो, आणि हळूहळू दुसरीही गोष्ट लक्षात येत गेली. तिनं एकाच वडीला ठिपका लावला होता. माझ्यासारखा सगळ्यांना नाही. एक घरचा ठेवला होता, म्हणजे बाकीच्या एकेचाळिसांचं काय करायचं तेही तिनं सांगूनच ठेवलं होतं. ते माझे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी चटई टाकली. रंधा उलटा ठेवला. पहिली वडी हातात घेतल्यावर थोडा थांबलो. मग ओढली. रेघ पहिल्याच फटक्यात गेली. पापुद्रा गुंडाळून खाली पडला आणि खालून पिवळसर, स्वच्छ अंग निघालं, खोबरेलाचा वास एकदम वर आला. राखेखाली तो वास दोन महिने तसाच होता. मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. म्हणजे वाईट वाटलं, पण ते हात चालू असताना वाटत राहिलं, हात थांबवून नाही.

रोज पाच-सहा होत. पापुद्रे ती ठेवायची तसे पातेल्यात गोळा केले, पाणी घालून विरघळवले आणि त्यात घरातले चादरी-पडदे धुऊन काढले. बसूच्या बोचक्यातले तुकडे खिडकीशी धरून तपासले. एका जांभळ्या तुकड्यात जरीचा दोरा सापडला, तो तिच्या वडिलांच्या छोट्या कात्रीनं काढला. ती कात्री लग्नात तिच्याबरोबर आली होती. कडा एकेकदाच. सुती फडकं, मग रेशीम, मग तळहात. तिसऱ्या दिवशी एका वडीपाशी मी अडकलो. चमक आली होती तरी घासत होतो, रेशीम गरम झालं होतं, वडी पोटाशी दबली होती, आणि मी कशाची तरी वाट पाहतो आहे हे ध्यानात आलं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मला कानडी चांगली येत नाही, मोजके शब्द येतात. मीच म्हणालो, "साकु." तोंडात तो शब्द ओळखीचा नव्हता. फडकं खाली ठेवलं आणि पुढची वडी घेतली.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी ते वाटले. सणाचा रंगीत कागद वापरला नाही, वर्तमानपत्रात बांधले आणि प्रत्येक दारात हौसाक्काचंच वाक्य वापरलं, दिवाळीचा नव्हे, हाताला आहे. बहुतेकांनी दोन्ही हातांनी घेतला. एका घरात सून म्हणाली, सासूबाईंना विचारून येते, आणि विचारायला गेली ती बाहेर आलीच नाही. मला राग आला नाही. ती वडी मी हौसाक्काला दुसरी म्हणून दिली. तिनं तिथंच पुडी सोडली, अंगठा कडेवरून नेला, अगदी गिरिजासारखा.

"बरी मोडलासा की कड," ती म्हणाली. "आक्कागत न्हाय. खरं चालतंय."

दोन दिवसांनी सकाळी तिची नात तिच्यासमोर उंबऱ्यावर बसून भाकरी-दूध खात होती. हौसाक्का भरवत होती. मी बघतोय हे दिसल्यावर तिनं दुसरा हात वर करून माझ्याकडे तळवा दाखवला.

वडगावला मी स्वतः गेलो. बसूला समोर बसवून ठिपक्याचं सांगितलं. त्यानं आपली वडी घेतली, हुंगली आणि मागाशेजारच्या कोनाड्यात देवाजवळ ठेवली. तो ती वापरणार नाही. त्याची बायको म्हणाली, ठेवू दे त्यांना, आम्हाला बाकीच्या आहेत की.

दिवाळीत आमच्या घरी अभ्यंग नव्हतं, फराळही नव्हता. शेजारच्यांनी झाकून ताटं आणून दिली. पहिल्या अंघोळीच्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला उठलो, पाणी तापवलं आणि घरची वडी काढली. तिला मी रंधा लावला नव्हता, राखसुद्धा पुसली नव्हती. पहिल्या दिवशी कड खांद्याला चांगलीच लागली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी. तारेच्या रेघा फेसाबरोबर केव्हा गेल्या ते कळलं नाही.

आज आठवा दिवस. बाहेर उसाच्या गाड्या सुरू झाल्या आहेत. सकाळी अंघोळ करताना खांद्याला काही टोचलं नाही. वडी उलटी करून पाहिली, तर ठिपका कुठं होता ते आता सांगता येत नाही. ती पाण्याखाली धुतली आणि भिंतीला टेकवून उभी ठेवली, निथळायला. म्हणजे जास्त दिवस पुरते.